पॉलिथिनचा दाणा ओळखावा कसा आणि मिसळावा कसा

मे महिना सरत आला की गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळा या भागांत घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना, गोठ्यांना, जळणाच्या ढिगांना प्लॅस्टिकचा कागद बांधण्याची घाई सुरू होते आणि त्याच दिवसांत कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतील छोट्या फिल्म कारखान्यांत दिवसरात्र यंत्रे चालतात. मागणीच्या या रेट्यात हाताशी असेल तो दाणा, म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या नरसाळ्यात, पडतो आणि आषाढातल्या वाऱ्यात तो कागद घडीवरून लांबच लांब चिरत जातो. गिऱ्हाईक म्हणते माल हलका, कारखानदार म्हणतो दाणा खराब आला. माझा अनुभव असा की दाणा बहुधा खराब नसतो. एकमेकांशी न जमणारे दाणे नावापुरते एक म्हणून एकत्र घातलेले असतात. ही चूक टाळण्यासाठी हॉपरमध्ये काही टाकण्यापूर्वी काय पाहावे, हे येथे क्रमाने सांगत आहे.

पॉलिथिन हे एका कुळाचे आडनाव समजावे. इथिलीन वायूचे रेणू एकामागोमाग जोडून झालेली कार्बनची लांब साखळी हा सगळ्यांचा समान वारसा. फरक पडतो तो त्या साखळीला फांद्या किती, केवढ्या आणि कशा फुटल्या आहेत यावर. १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना प्रचंड दाबाखालच्या एका प्रयोगात अनपेक्षितपणे जो मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला, तो आजच्या एलडीचा, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनचा, पूर्वज होय. दाबाच्या या पद्धतीत साखळीला आखूड फांद्यांबरोबर लांब फांद्याही फुटतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींना खेटून बसू शकत नाहीत, स्फटिक कमी बनतात आणि पदार्थ मऊ व हलका राहतो. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने कमी दाबावर जवळजवळ बिनफांद्यांची साखळी तयार केली. तो मार्ग आजच्या एचडीकडे, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनकडे, येतो. तशाच प्रकारच्या उत्प्रेरकांवर इथिलीनसोबत थोडे ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन दिले की साखळी सरळच राहते, पण तिला अधूनमधून आखूड फांद्या येतात. तिला आपण एलएलडी, म्हणजे सरळ साखळीचे कमी घनतेचे पॉलिथिन, म्हणतो.

फांद्यांचा हा हिशेब आकड्यांत उतरतो. एलडीची घनता साधारण ०.९१० ते ०.९२५, एलएलडीची ०.९१५ ते ०.९२५ आणि एचडीची ०.९४१ ते ०.९६५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. एलडी १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला वितळते, एलएलडी १२० ते १२५ अंशांच्या आसपास आणि एचडी १२५ ते १३५ अंशांना. पहिल्या दोघींची घनता जवळजवळ सारखी असूनही वितळबिंदूंत दहा अंशांचे अंतर आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ओळख पटवताना तिचाच आधार घ्यावा लागतो.

ओळखीची पहिली परीक्षा पाण्याची. मालाचा लहान तुकडा भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून, चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून सोडून द्यावा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसी, पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक) आणि पॉलिस्टायरीन बुडतात. मात्र पांढऱ्या किंवा दुधी कागदाच्या बाबतीत ही परीक्षा फसवू शकते, कारण खडूची भुकटी वजनाच्या २० टक्के भरली असेल तर पॉलिथिनची घनता १.०६ च्या घरात जाते आणि तेही तळ गाठते. म्हणून जो तुकडा बुडाला तो लगेच परका ठरवू नये; त्याचे टोक चिमट्यात धरून मोकळ्या हवेत क्षणभर पेटवून पाहावे. पॉलिथिनची ज्योत बुडाशी निळसर आणि टोकाला पिवळी असते, ते थेंब थेंब गळते आणि विझवल्यावर मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो. तापवलेल्या तांब्याच्या तारेवर माल घासून ती तार पुन्हा ज्योतीत धरली असता हिरवी झाक दिसली, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे तो माल पीव्हीसीचा असण्याचा संभव मोठा आहे. त्याचा धूर श्वासात घेऊ नये आणि तो माल एलडीच्या यंत्रात अजिबात जाऊ देऊ नये, कारण तापल्यावर त्यातून सुटणारे आम्ल यंत्राचा मळसूत्री स्क्रू आणि तो ज्यात फिरतो ते बॅरल दोन्ही खाते.

एलडी आणि एचडी वेगळे काढण्यासाठी स्पिरिट आणि पाणी यांचे मिश्रण वापरता येते. दोन्ही साधारण समभाग घेतले की घनता ०.९३ च्या आसपास येते. त्यात एलडी तरंगते आणि एचडी बुडते. पण उन्हाळ्यात द्रवाची घनता उतरते आणि निकाल डळमळतो. त्यामुळे प्रमाणाच्या भरवशावर न राहता, ज्या दाण्याची जात पक्की ठाऊक आहे असे एलडीचे आणि एचडीचे दोन-दोन कोरे, म्हणजे भंगारातले नसलेले, दाणे आधी त्या द्रवात सोडावेत आणि एक वर व दुसरा खाली राहीपर्यंत चमच्या-चमच्याने पाणी किंवा स्पिरिट घालत जावे. मगच अनोळखी तुकडा सोडावा. स्पिरिट ज्वालाग्राही आहे, तेव्हा पेटवून पाहण्याची परीक्षा त्याच टेबलावर करू नये.

एलडी की एलएलडी, हा प्रश्न या द्रवाने सुटत नाही. फिल्म हाती असेल तर हातानेच बरेच कळते: एलडीचा कागद ताणला की थोड्याच वेळात फाटतो, एलएलडीचा पातळ होत होत लांब ताणला जातो आणि बोट खुपसले तरी चटकन भोक पडत नाही. दाणा असेल तर ग्लिसरीनची परीक्षा करावी. स्टीलच्या लहान भांड्यात ग्लिसरीन घेऊन मंद आचेवर ठेवावे, त्यात तापमापक धरावा आणि कोरे, रंग नसलेले दाणे सोडून सावकाश ११७ अंशांपर्यंत जावे. एलडीचा दाणा वितळून काचेसारखा स्वच्छ होतो, तर एलएलडीचा दुधी राहतो. ग्लिसरीनऐवजी गोडेतेल घेण्याचा मोह होतो, परंतु तेल पॉलिथिनमध्ये शिरते आणि वितळबिंदू खाली ओढते. निकाल चुकतो आणि वर स्वयंपाकघरात बोलणी बसतात ती वेगळी.

जात कळली म्हणजे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे मेल्ट फ्लो इंडेक्सचे, म्हणजे कारखान्यात ज्याला आपण एमएफआय म्हणतो त्याचे आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक माल येथेच बिघडतो. १९० अंशांना, २.१६ किलोच्या भाराखाली, ठरावीक भोकातून दहा मिनिटांत जितके ग्रॅम वितळलेले पॉलिथिन बाहेर येते, तो हा आकडा. आकडा लहान तितक्या साखळ्या लांब, वितळ घट्ट आणि फिल्म मजबूत. आकडा मोठा तितक्या साखळ्या आखूड आणि वितळ पातळ. फिल्मसाठी ०.३ ते २ पर्यंतचे दाणे वापरतात, तर बादल्या, टोपल्या, झाकणे यांच्या साच्यासाठी त्याहून कितीतरी पातळ वाहणारे. एचएम, म्हणजे फार लांब साखळ्यांच्या एचडीच्या, फिल्मचा दाणा इतका घट्ट असतो की त्याचा आकडा बहुधा ५ किंवा २१.६ किलोच्या भारावर मोजून छापलेला असतो. दोन पोत्यांवरच्या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी भार सारखा आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, २१.६ किलोवरचा ९ हा आकडा २.१६ किलोवरच्या ९ सारखा वाचणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

मिश्रणाचा एमएफआय साध्या सरासरीने निघत नाही. त्याचा अंदाज लॉगॅरिदमने घ्यावा लागतो: प्रत्येक दाण्याच्या आकड्याचा लॉग त्याच्या वजनाच्या हिश्श्याने गुणावा, बेरीज करावी आणि बेरजेचा अँटीलॉग घ्यावा. १ एमएफआयचा ७० टक्के आणि ४ एमएफआयचा ३० टक्के दाणा मिसळला तर साधी सरासरी १.९ येईल, पण प्रत्यक्षात अपेक्षा धरावी ती १.५ ची. आता दुसरे उदाहरण पाहावे: ०.५ चा ७० टक्के आणि साच्याचा २० चा ३० टक्के. यांचाही हिशेब १.५ वरच येतो. कागदावर दोन्ही मिश्रणे जुळी दिसतात, यंत्रावर मात्र पहिले सरळ चालते आणि दुसऱ्याचा फुगा, म्हणजे डायमधून (यंत्राच्या गोल तोंडातून) हवा भरून वर खेचली जाणारी फिल्मची नळी, डुलू लागतो, कारण घट्ट आणि पातळ वितळीत चाळीस पटींचे अंतर असल्याने छोट्या स्क्रूच्या लांबीत ती एकजीव होत नाहीत. शिवाय आखूड साखळ्या एका स्फटिकातून दुसऱ्या स्फटिकात पोचून त्यांना बांधून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे थंड झालेला कागद ठिसूळ होतो. स्वस्त मिळाला म्हणून साच्याचा दाणा फिल्ममध्ये खपवण्याचा उद्योग एकदा मीही केला आहे आणि तीन रोल परत घेतले आहेत. माझा नियम त्यानंतर असा झाला की मुख्य दाण्याच्या आकड्याच्या तीन-चार पटींपलीकडचा दाणा फिल्मसाठी घ्यायचा नाही.

एलडी आणि एलएलडी यांचे मिश्रण हा या धंद्याचा पाया आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एलडीच्या लांब फांद्या वितळलेल्या अवस्थेत एकमेकींत गुंततात. त्यामुळे डायमधून वर जाणारा फुगा ताठ उभा राहतो आणि स्क्रूच्या वेगाखाली वितळ चांगली पातळ होऊन मोटरवर भार कमी येतो. एलएलडीला हा ताठपणा नाही. तिची वितळ वेगाखालीही घट्टच राहते, मोटर ओरडते, फुगा हलतो, पण थंड झाल्यावर तिचा कागद भोसकण्याला आणि फाटण्याला एलडीपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. दोघी वितळीत बऱ्याच अंशी एकत्र नांदतात आणि थंड होताना मात्र आपापले स्फटिक वेगळे बनवतात; अशा मिश्रणाची औष्णिक चाचणी केली तर दोन वितळबिंदू वेगवेगळे दिसतात, ते यामुळेच. एचडी आणि एलएलडी यांच्या साखळ्या सरळ असल्याने त्या एकाच स्फटिकात काही प्रमाणात सामावतात. म्हणून एलएलडीच्या कागदाला थोडी ताठरता हवी असेल तर १० टक्क्यांच्या आसपास एचडी घालणे शक्य होते, मात्र पारदर्शकता कमी होते हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

जुन्या, केवळ एलडीसाठी बांधलेल्या यंत्रावर सुरुवात ७५ भाग एलडी आणि २५ भाग एलएलडी या प्रमाणाने करावी. रोल नीट निघाला तर पुढच्या प्रत्येक फेरीत एलएलडी पाच-पाच भागांनी वाढवावी आणि मोटरचा अँपिअर, फुग्याची स्थिरता व कागदाची वरची कांती या तिन्हींवर नजर ठेवावी. पावसाळी कागदासाठी मला स्वतःला ७० भाग एलएलडी आणि ३० भाग एलडी हे प्रमाण पसंत आहे, परंतु त्यासाठी डायची फट रुंद लागते. एलडीच्या डायची फट साधारण ०.८ मिलिमीटर असते. एलएलडी जास्त असलेल्या मिश्रणाला १.५ ते २.५ मिलिमीटर हवी. अरुंद फटीतून एलएलडी जोराने दाबली की कागदावर बारीक आडव्या सुरकुत्या उठतात आणि तो खरखरीत होतो. यालाच शार्कची कातडी म्हणतात. ती दिसताच आधी डायचे तापमान पाच-दहा अंशांनी वाढवावे, मग वेग उतरवावा, तरीही न गेल्यास फ्लोरोपॉलिमरयुक्त प्रोसेसिंग एडचा मास्टरबॅच, म्हणजे ते द्रव्य दाट मिसळलेला दाणा, घालावा. हा मास्टरबॅच डायच्या धातूवर थर धरून काम करतो, त्यामुळे परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. दहा मिनिटांत फरक नाही म्हणून दुप्पट ओतणे हा पैशाचा अपव्यय आहे. एलडी जास्त झाली तर वेगळीच अडचण येते. कागद यंत्राच्या दिशेने, म्हणजे रोलच्या लांबीत, सहज चिरू लागतो, आणि गगनबावड्याच्या वाऱ्यात खिळ्यापाशी पडलेली एवढीशी चीर मग टोकापर्यंत धावते.

बॅरलची तापमाने जात पाहून ठेवावीत. निव्वळ एलडीला १५० ते १८० अंश पुरतात, एलएलडीला १८० ते २१० आणि एचएमला १९० ते २२० अंश लागतात. मिश्रणात सर्वांत उशिरा वितळणाऱ्या घटकाकडे पाहून तापमान ठरवावे, पण अकारण वर नेऊ नये, कारण अतितापाने आणि वारंवार वितळवण्याने पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि कागदात न वितळणारे डोळे, ज्यांना आपण फिश आय म्हणतो, दिसू लागतात. पॉलिप्रॉपिलीनचे नेमके उलटे होते. त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते पातळ होत जाते.

कुळाबाहेरच्या मालाविषयी कडक राहावे. पॉलिप्रॉपिलीन पॉलिथिनसारखेच दिसते, पाण्यावर तरंगते, जळतानाही बरेचसे सारखे वागते, परंतु ते १६० अंशांपलीकडे वितळते आणि पॉलिथिनमध्ये विरघळत नाही. वेगळ्या थेंबांच्या रूपात राहते, हे थेंब फुगा खेचताना लांबट होतात आणि तेथूनच कागद फाटतो. भंगारात त्याचा सर्वांत मोठा स्रोत विणलेली पोती हा आहे. जाड साच्याच्या वस्तूंत इथिलीन-ऑक्टीनसारखा रबरी जोडक घालून असे मिश्रण सांभाळता येते, पातळ फिल्ममध्ये मात्र हे साहस करू नये. त्याहून घातक म्हणजे गोडेतेलाच्या काही पिशव्या, कारण त्यांत पॉलिथिनच्या दोन थरांमध्ये नायलॉनचा थर असू शकतो. आमच्या येथे एका रात्रपाळीत अशा पिशव्यांचा गठ्ठा दुधाच्या पिशव्यांच्या भंगारात मिसळून आला होता. नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळत असल्याने १७० अंशांवर ते चिंध्यांसारखे तसेच पुढे सरकले, जाळी तुंबली, दाब चढला आणि पहाटेपर्यंत डाय उघडून घासत बसावे लागले. दुधाची पिशवी मात्र सहसा एलडी आणि एलएलडी यांचीच असते, म्हणून स्वच्छ धुतलेले तिचे भंगार उत्तम समजावे.

पॉलिथिन स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही, या भरवशावर पावसाळ्यात बेसावध राहू नये. काळ्या रंगाचा मास्टरबॅच आणि खडूचा फिलर हवेतला ओलावा ओढून घेतात, धुतलेल्या भंगाराच्या चुऱ्यात घड्यांमध्ये पाणी दडून बसते, आणि डायमधून बाहेर पडताना त्याची वाफ होऊन कागदात भिंगाच्या आकाराची लांबट छिद्रे पडतात. कोल्हापुरात जून ते सप्टेंबरपर्यंत पोती थेट फरशीवर न ठेवता लाकडी पाटांवर ठेवावीत, फोडलेले पोते त्याच पाळीत संपवावे किंवा तोंड घट्ट बांधावे, आणि मास्टरबॅच ७० ते ८० अंशांच्या गरम हवेत दोन-तीन तास वाळवून मगच वापरावा. एलडीचा दाणा ८० अंशांपलीकडे नेऊ नये. तो मऊ पडून हॉपरच्या तोंडाशी चिकटतो.

उन्हाचा बंदोबस्त मिश्रणातच करावा लागतो. काळ्या कागदात दोन ते अडीच टक्के कार्बन ब्लॅक नीट पसरलेला असेल तर तो अतिनील किरण स्वतः गिळतो. येथे मास्टरबॅचचे प्रमाण आणि कार्बनचे प्रमाण यांची गल्लत होते, कारण मास्टरबॅचमध्ये कार्बन ४० टक्के असेल तर अडीच टक्क्यांसाठी तो सव्वासहा टक्के घालावा लागतो. पारदर्शक कागदाला हाल्स जातीचे, म्हणजे उन्हाने होणारी झीज रोखणारे, स्थिरक लागतात. पॉलिहाउससाठी कागद बनवत असल्यास शेतकरी गंधकाची फवारणी करतो का, हे विचारून घ्यावे, कारण गंधकामुळे या स्थिरकांचे काम मंदावते आणि कागद ठरलेल्या मुदतीआधीच तडकतो.

पहिला रोल निघाला की तेथेच तपासणी करावी. कागदाच्या रुंदीत पाच ठिकाणांहून १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर तोलावेत. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मिळणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरतो. १०० मायक्रॉनच्या कोऱ्या पॉलिथिनचा असा चौकोन ०.९२ ग्रॅम भरतो. पाच वजनांत दहा टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल तर डायची फट सर्वत्र सारखी नाही, असे समजून तिचे बोल्ट पुन्हा जुळवावेत. हीच पद्धत विकत घेणाऱ्यालाही उपयोगी आहे, परंतु २० टक्के खडू भरलेला कागद ०.९२ ग्रॅम भरूनही प्रत्यक्षात ८७ मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे दुधी कागदाची जाडी वजनाबरोबर मायक्रोमीटरनेही पाहावी.

त्यानंतर एका तुकड्याला कडेला छोटी चीर देऊन तो आधी रोलच्या लांबीच्या दिशेने आणि मग आडवा फाडून पाहावा. दोन्हीकडे हाताला जोर लागला तर मिश्रण जमले. लांबीच्या दिशेने कागद वर्तमानपत्रासारखा सरळ फाटत गेला तर एलडीचे प्रमाण उतरवावे किंवा फुग्याचा व्यास वाढवून आडवा ताण द्यावा. चिकटवलेल्या जोडावर पाणी भरून रात्रभर टांगून ठेवावे. कागदावर छपाई करायची असल्यास कोरोनाची, म्हणजे पृष्ठभागावर विजेच्या ठिणग्या सोडण्याची, प्रक्रिया होऊन पृष्ठताण ३८ डाइनच्या वर आला आहे, याची खात्री शाईच्या चाचणीने करावी, आणि घसरण वाढवणारे स्लिप घातले असेल तर छपाई त्याच दिवशी उरकावी, कारण ते हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर थर धरते आणि दोन दिवसांनी शाई नखाने निघते. गुळाच्या किंवा इतर खाद्यपदार्थांच्या थेट संपर्कात येणाऱ्या पिशवीत भंगाराचा दाणा घालू नये. तेथे भारतीय मानक १०१४६ ला अनुसरणारा कोरा दाणाच वापरावा आणि पोत्यावरची चिठ्ठी रोलच्या क्रमांकासह वहीत चिकटवून ठेवावी.